आईला घेऊन बेसबॉल मॅचला: जॅकी रॉबिन्सन डे, १५ एप्रिल २०२२

बेसबॉलची मॅच स्टेडियममध्ये जाऊन बघायची तर नक्की काय काय करावं लागतं हे मराठीत कुठं नीट लिहिलेलं मला सापडलं नव्हतं, त्यात घरी भारतातून आलेले आईवडील असतील, त्यांचे गुडघे दुखत असतील आणि खेळातलं ओ की ठो कळत नसेल तर अजूनच धाकधूक. म्हणून लिहितोय. गोष्ट २०२२ ची आहे, दर आता वाढलेत, बाकी बरंचसं तसंच आहे.

आम्ही जर्सी सिटीत राहतो. पोरगी तेव्हा दहा वर्षांची, सॉफ्टबॉल खेळायची आणि न्यूयॉर्कच्या मेट्स टीमची कट्टर, फ्रान्सिस्को लिंडोरचा १२ नंबरचा टीशर्ट धुवायला टाकला तरी हिचं तोंड वाकडं. मी नागपूरचा, क्रिकेटवाला, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए ग्राउंडवर उन्हात बसून मॅची बघितलेला, मला टीव्हीवरचं बेसबॉल दहा मिनिटांच्या वर झेपायचं नाही. पण पोरीला शब्द दिला होता की ह्या सीझनला मेट्सची घरची पहिली मॅच बघायचीच. आता सीझन सुरू व्हायलाच तेव्हा विघ्न होतं. मालक आणि खेळाडूंचं करारावरून फाटलं होतं, २ डिसेंबर २०२१ पासून लॉकआउट, म्हणजे मालकांनी सगळंच बंद ठेवलेलं, तो मिटला १० मार्च २०२२ ला, आणि ३१ मार्चला सुरू होणारा सीझन ७ एप्रिलवर गेला. तोवर पोरगी रोज सकाळी उठून विचारायची, मिटलं का. मिटल्यावर बघितलं तर मेट्सची घरची पहिली मॅच शुक्रवारी १५ एप्रिलला, दुपारी १ वाजून १० मिनिटांनी, ॲरिझोना डायमंडबॅक्सशी.

१५ एप्रिल म्हणजे जॅकी रॉबिन्सन डे. इकडे राहणाऱ्यांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, कितीतरी दशकं काळ्या खेळाडूंना घ्यायचेच नाहीत, त्यांच्या लीग वेगळ्या. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन हा २८ वर्षांचा पोरगा ब्रुकलिन डॉजर्सकडून फर्स्ट बेसला उभा राहिला आणि ती भिंत पडली. पाठीवर नंबर ४२. पुढं ५० वर्षांनी, १९९७ ला, सगळ्याच टीमनी मिळून ४२ नंबर कायमचा रिटायर केला, म्हणजे कुठल्याच टीममध्ये नव्या कोणाला तो मिळणार नाही. आणि २००९ पासून दर १५ एप्रिलला उलटं, त्या एका दिवशी सगळे खेळाडू, कोच, अगदी अंपायरसुद्धा ४२ च घालतात.

आईला नेमकं ह्याच दिवशी न्यायचं असं आधी काही ठरलं नव्हतं. ती रिटायर्ड शिक्षिका, नागपूरलाच असते. कोविडमुळं दोन वर्षं येणं झालं नव्हतं, २७ मार्चला भारतातनं नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं परत सुरू झाली आणि एप्रिलच्या सुरुवातीला ती आली, त्यातही तेव्हा अमेरिकेच्या विमानात बसायच्या आधी एका दिवसाच्या आतला कोविड टेस्टचा रिपोर्ट लागायचा, त्याची धावपळ माझ्या भावानं तिकडं केली. १४ एप्रिलला तिनं घरी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्त्या, वंदना, खीर, सगळं केलं, पण दिवसभर तिचं चित्त नागपुरात. तिकडं असती तर आदल्या रात्री बारालाच संविधान चौकात असती. मी म्हटलं, आई, उद्या आमच्यासोबत मॅचला चल, तिथं उद्या एका माणसाच्या आठवणीत सगळे एकाच नंबरचे कपडे घालणारेत. मग जॅकी रॉबिन्सनची गोष्ट सांगितली. तिनं एकच प्रश्न विचारला, "त्याला घेणारा मालक गोरा होता का?" हो म्हटलं, ब्रँच रिकी नावाचा टीमचा प्रेसिडेंट होता, मालकीत त्याचा वाटाही होता, त्यानं घेतलं. "मग त्याला तिकीट विकायचे असतील," आई म्हणाली. आमच्या आईला हे असं चटकन दिसतं.

आता तिकिटं. मी आईचं धरून चार तिकिटं मार्चच्या शेवटीच काढून ठेवली होती, म्हटलं नाही आली तर ऑफिसातलं कोणीतरी येईल. पहिली मॅच म्हणून सगळ्यात वरच्या मजल्याचे, ज्याला प्रोमेनेड म्हणतात, तिथलेसुद्धा दर चढे. रीसेलवर, म्हणजे दुसऱ्यांनी परत विकायला काढलेली, बघितलं, तिथं दिसायला स्वस्त, पण सीट निवडा, नाव टाका, कार्ड टाका आणि अगदी शेवटच्या स्क्रीनवर फी चिकटायची, ७५ डॉलरचं दिसणारं तिकीट ९५ च्या घरात. चौघांचे मिळून ३८० डॉलरच्या आसपास गेले. (त्याच वर्षी ऑगस्टअखेरपासून न्यूयॉर्क राज्यात कायदा आला की फीसकट पूर्ण किंमत आधीच दाखवायची, त्यामुळं आता हा छळ नाही.) एप्रिल महिन्यातल्याच एखाद्या सोमवारच्या रात्रीच्या मॅचला ह्याच सीट फार कमी पैशात मिळतात, त्यामुळं खास दिवसाचा हट्ट नसेल तर तसलीच मॅच घ्या. सीट निवडताना सेक्शनपेक्षा रांगेचा नंबर बघा, वरच्या मजल्यावर जिने खडे आहेत, रांगेचा आकडा जितका लहान तितकं कमी चढायचं. वयस्कर माणूस सोबत असेल तर दोन पैसे ह्याच्यावर घालवा.

तिकीट कागदावर येत नाही, लीगच्या बॉलपार्क ॲपमध्ये येतं. एकाच फोनवर चारही ठेवता येतात, सरकवत सरकवत स्कॅन करायचं. स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नका आणि घरच्या वायफायवर असतानाच तिकिटं फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा, कारण गेटबाहेर चाळीस हजार लोक एकाच वेळी ॲप उघडत असतात आणि नेट रडायला लागतं. बॅगचे नियम दर सीझनला बदलतात म्हणून स्टेडियमच्या साइटवर आदल्या दिवशी वाचून घ्या, मी पाठीवरची सॅक घरीच ठेवली आणि कापडी पिशवी घेतली. घरचं खायचं नेता येतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं! पाण्याची लहान सीलबंद प्लास्टिकची बाटलीही चालते. आईनं सकाळी उठून तिखट पुऱ्या, ठेचा, चिवडा बांधला. स्टेडियमच्या आत तेव्हा कॅश चालत नव्हती, कार्ड किंवा फोन, त्यामुळं आईनं पर्समध्ये घेतलेल्या वीस-वीसच्या नोटा तशाच परत आल्या.

जायच्या तीन दिवस आधी, १२ एप्रिलला, ब्रुकलिनमध्ये ३६ स्ट्रीट स्टेशनला सबवेत गोळीबार झाला. दहा जणांना गोळ्या लागल्या. संशयित दुसऱ्या दिवशी पकडला गेला, पण घरात वातावरण बदललं. बायको म्हणाली गाडीनं जाऊ, नाहीतर जाऊच नको. गाडीनं जायचं म्हणजे टनेलचा टोल, क्वीन्सचं ट्रॅफिक आणि पार्किंगचे वेगळे पैसे, दीडशे लोकांच्या मागं रेंगाळत जायचं. बराच वेळ खल झाला. शेवटी ट्रेननंच जायचं ठरलं, कारण आम्ही दोघं एरवी रोज त्याच ट्रेननं ऑफिसला जात होतो आणि सोमवारी परत जाणारच होतो. पण खरं सांगतो, त्या दिवशी डब्यात मी पोरीचा हात सोडला नाही, आणि मास्कच्या वर नुसते डोळे दिसणाऱ्या माणसांकडं जरा जास्तच बघत होतो (सबवेत मास्क तेव्हा सक्तीचे होते).

रस्ता असा: जर्नल स्क्वेअरवरून पाथ ट्रेन ३३ स्ट्रीटपर्यंत, तिथनं वर न येता नारिंगी लाइनची सबवे एक स्टेशन, ४२ स्ट्रीट ब्रायंट पार्क, आणि तिथल्या तिथं चालत ७ नंबरच्या ट्रेनला. ती थेट मेट्स-विलेट्स पॉइंटला सोडते. तेव्हा पाथ आणि सबवे दोन्हीचं भाडं २ डॉलर ७५ सेंट होतं, आणि एकच मेट्रोकार्ड चौघांना दोन्हीकडं चालायचं, आता फोन नाहीतर कार्ड टॅप करायचं. ब्रायंट पार्कला जिने बरेच आहेत. गुडघ्यांचा जास्त त्रास असेल तर पेन स्टेशनवरून लाँग आयलंड रेलरोड घ्या, मॅचच्या दिवशी ती पण तिथं थांबते, वेळ कमी लागतो आणि बसायला मिळतं, भाडं थोडं जास्त. आम्ही गेलो तो गुड फ्रायडे, शाळेला सुट्टी, ऑफिसला मी सुट्टी टाकलेली, त्यामुळं ७ नंबरमध्ये अर्धा डबा निळ्या-नारिंगी कपड्यांत. कोर्ट स्क्वेअरच्या आधी ट्रेन जमिनीतनं वर येते आणि पुढं सगळा क्वीन्स वरून दिसतो. आईला ७४ स्ट्रीटला, म्हणजे जॅक्सन हाइट्स ह्या देशी दुकानांच्या भागात, दुकानांच्या पाट्या आणि साड्या दिसल्या तेव्हा ती उठायलाच लागली होती, इथंच उतरायचं ना म्हणून.

स्टेशनवरून खाली उतरलं की समोर सिटी फील्ड, मेट्सचं स्टेडियम. बाहेर गर्दी, आणि त्या गर्दीचं कारण जॅकी रॉबिन्सन नव्हतं. त्या दिवशी सकाळी टॉम सीव्हरच्या पुतळ्याचं उद्घाटन होतं. सीव्हर म्हणजे मेट्सचा सगळ्यात मोठा पिचर (आपल्याकडचा बॉलर), नंबर ४१, २०२० मध्ये वारला. आम्ही पोचलो तेव्हा भाषणं संपत आली होती, आम्हाला लोकांच्या पाठी दिसल्या आणि स्पीकरवरचा आवाज ऐकू आला. पुतळा मस्त आहे, बॉल टाकताना उजवा गुडघा जमिनीला घासतोय तो क्षण पकडलाय. बाजूलाच जुन्या शे स्टेडियममधलं मोठं लाल सफरचंद ठेवलंय, १९८० सालचं, होमरन (आपल्या सिक्सरसारखा) झाला की ते वर यायचं. आई म्हणाली, "हा एक्केचाळीस, मग बेचाळीस कुठं?" बेचाळीस आत आहे म्हटलं. "हाव का? आपला माणूस आत?" अशी ती पहिल्यांदा हसली.

आत जायच्या आधी मला एक जागा बघायची होती. मेट्सचं आधीचं ग्राउंड, शे स्टेडियम, ह्याच्या शेजारीच होतं, २००९ मध्ये सिटी फील्ड उघडलं आणि जुनं पाडून तिथं पार्किंग केलं. पण जिथं जुनी होम प्लेट (बॅट्समन उभा राहतो ती जागा) होती, बेस होते, पिचरची जागा होती, तिथं डांबरात खुणा बसवल्यात. ४२ नंबर रिटायर केल्याची घोषणा झाली ती ह्याच शे स्टेडियमवर, १५ एप्रिल १९९७ ला, मेट्स विरुद्ध डॉजर्स मॅच पाचव्या इनिंगनंतर थांबवून, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि जॅकीची बायको रेचेल रॉबिन्सन मैदानात उभे असताना. तर आम्ही चौघं पार्किंगमध्ये ती खूण शोधत फिरलो. एका गार्डनं हातानं दाखवलं, तिकडं. मॅचचा दिवस, सगळीकडं गाड्या लागलेल्या, लोक डिक्या उघडून शेगड्या पेटवून सॉसेज भाजत बसलेले, धूर, बिअर, मोठ्यानं गाणी. होम प्लेटच्या खुणेच्या अर्ध्या भागावर एका पांढऱ्या एसयूव्हीचं पुढचं चाक. आई वाकून बघायला लागली तर गाडीवाला माणूस उठला, त्याला वाटलं म्हाताऱ्या बाईचं काही हरवलं. मी सांगितलं काय बघतोय ते. त्यानं हातातली बिअर ठेवली, किल्ली काढली आणि गाडी चार फूट मागं घेतली. मग स्वतःही येऊन बघत उभा राहिला, दर वर्षी इथंच गाडी लावतो म्हणे, खाली काय आहे माहीत नव्हतं. आईनं त्याला चिवडा दिला. त्यानं "स्पायसी?" विचारलं, हिनं "नो नो" म्हणून मान हलवली, आणि तो नागपुरी चिवडा होता!

मग गेट. मुख्य गेटमधून आत गेलं की जॅकी रॉबिन्सन रोटुंडा, मोठा गोल हॉल, जुन्या एबेट्स फील्डच्या दारासारखा बांधलेला. मेट्समध्ये जॅकी कधी खेळला नाही, ते तर सुरूच १९६२ ला झाले. पण १९५७ नंतर डॉजर्स आणि जायंट्स दोन्ही टीम न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला गेल्या आणि त्यांच्या जागी मेट्स आले, रंगसुद्धा एकीचा निळा आणि दुसरीचा नारिंगी असे उचलले, म्हणून वारसा ह्यांच्याकडं. हॉलमध्ये माणसाहून उंच निळा ४२ चा आकडा उभा आहे, त्याच्यासमोर फोटोची रांग. इथं अर्धा तास काढा, घाई करू नका. जमिनीत नऊ शब्द कोरलेत, धैर्य, न्याय, चिकाटी, नागरिकत्व असे, आणि वर गोलाकार त्याचं वाक्य आहे की माणसाच्या आयुष्याला किंमत येते ती दुसऱ्यांच्या आयुष्यावर त्याचा काय परिणाम झाला त्यावरनं. भिंतीवर मोठमोठे फोटो. आईनं शाळेत फळा वाचायची तसं पोरीला एकेक वाचायला लावलं. मी सैन्यातला किस्सा सांगितला, १९४४ मध्ये बसमध्ये मागं जाऊन बस म्हटल्यावर हा उठला नाही म्हणून त्याच्यावर कोर्टमार्शल झालं आणि तो निर्दोष सुटला. पोरीनं विचारलं, आजी, तुला पण असं कोणी उठवलं का? आई म्हणाली, बसमधून नाही, विहिरीवरून. पोरीला विहीर म्हणजे काय तेच आधी सांगावं लागलं. मग हॉलमध्येच एका कोपऱ्यात उभं राहून आईनं तिच्या आजोळच्या गावची गोष्ट सांगितली, जी मलाही निम्मीच माहीत होती, आणि आमच्या मागं लोक "लेट्स गो मेट्स" ओरडत वर चालले होते. माझ्या मते त्या दिवसाचं तिकीट इथंच वसूल झालं.

रोटुंडातून सरकते जिने वर जातात, पण प्रोमेनेडला त्यानंतरही चढायचं असतं. लिफ्ट आहेत, निळ्या-नारिंगी जॅकेटवाल्या कुठल्याही माणसाला विचारा, लाजू नका, आम्हाला एका बाईंनी थेट नेऊन सोडलं. वर ऊन होतं पण वारा असा की कानटोपी काढवेना. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या स्टेडियमला जाताना थंडीचं एक थर जास्त घ्या, खाली रस्त्यावर काय हवा आहे त्याचा वरच्या मजल्याशी संबंध नसतो. शेजारी लागार्डिया विमानतळ, दर थोड्या वेळानं विमान इतकं खालून जातं की पोट दिसतं.

खेळाडू मैदानात आले आणि आमच्या पोरीची पंचाईत झाली, कारण सगळ्यांच्या पाठीवर ४२ आणि नाव कोणाचंच नाही. लिंडोर कुठला? तिनं जागेवरनं ओळखला, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, उभा आहे तो. तुम्ही नवखे असाल तर हीच युक्ती, मोठ्या स्क्रीनवर कोण कुठं उभा आहे ते येतं, बॅटिंगला येणाऱ्याचा फोटो येतो, नंबर बघायचाच नाही. त्या वर्षी ७५ वर्षं पूर्ण झाली म्हणून सगळ्या टीमचे ४२ आकडे डॉजर्सच्या निळ्या रंगात होते, टीमचा स्वतःचा रंग कुठलाही असो. समोरची टीम ॲरिझोनाची, तरी त्यांचाही आकडा निळाच. आई कालचीच निळी शाल गुंडाळून बसली होती. "काल आपला निळा, आज यांचा निळा," म्हणाली आणि फोटो काढायला लावला, नागपूरच्या ग्रुपवर लगेच गेला.

तरी एक सांगतो, जॅकी रॉबिन्सनचा कार्यक्रम म्हणून मैदानावर फार काही अपेक्षा ठेवून जाऊ नका. स्क्रीनवर एक छोटी फिल्म, टाळ्या, मग राष्ट्रगीत, सीव्हरच्या घरच्यांचं स्वागत, आणि मॅच सुरू. दोन इनिंगनंतर तो विषय लोकांच्या डोक्यातून गेलेला असतो, दुकानात मात्र ४२ चे टीशर्ट चाळीस डॉलरला जोरात. बायको म्हणाली, नुसता नंबर घालून काय होतं? आई म्हणाली, काही नाही होत, पण पोरगी विचारते ना. आमच्यात ह्यावर एकमत झालं नाही. मला वाटतं ज्यांना खरंच त्या माणसासाठी जायचंय त्यांनी गेट उघडायच्या वेळेला पोचावं, बाहेरचं आणि रोटुंडा आधी बघावं, आणि मॅच ही मॅच म्हणून बघावी. आता तर मॅनहॅटनमध्ये व्हॅरिक स्ट्रीटवर जॅकी रॉबिन्सन म्युझियमही आहे, ते आम्ही गेलो त्यानंतर, सप्टेंबर २०२२ मध्ये उघडलं. रेचेल रॉबिन्सन त्याच जुलैमध्ये शंभर वर्षांच्या झाल्या होत्या.

खेळ समजवायचं काम पोरीनं केलं. आजी, तीन स्ट्राइक म्हणजे आउट, चार बॉल चुकीचे टाकले तर फुकट फर्स्ट बेस, तीन आउट झाले की बाजू बदलली, असं नऊ वेळा. आईचे प्रश्न: ओव्हर नाही? बाद झालेला परत येतो? ड्रॉ होतच नाही? मग रात्र झाली तर? आणि सगळ्यात महत्त्वाचा, "हे एवढे कमावणारे लोक सारखे थुंकून कायले राहिले?" सूर्यफुलाच्या बिया खातात, त्याची सालं थुंकतात, असं सांगितलं तरी तिला ते पटलं नाही. क्रिकेटवाल्यांना एक गोष्ट फार गोड वाटेल, बॉल प्रेक्षकांत आला तर परत टाकायचा नाही, ज्यानं पकडला त्याचा. आमच्या खालच्या सेक्शनमध्ये एका माणसानं टोपीत पकडला आणि बाजूच्या लहान पोराला देऊन टाकला, त्याला होमरनपेक्षा जास्त टाळ्या.

मॅच एकतर्फी झाली. मेट्स १०, ॲरिझोना ३. क्रिस बॅसिटनं सहा इनिंग टाकल्या. लिंडोरनं दोन होमरन मारले, एक डावखुरा उभा राहून आणि एक उजवा, असा दोन्हीकडनं खेळणारा बॅट्समन असतो हे मला तेव्हा कळलं, म्हणजे टीव्हीवर बघून कधी लक्षातच आलं नव्हतं. स्टार्लिंग मार्टेनंही एक मारला. होमरन झाला की सेंटर फील्डच्या मागून मोठं सफरचंद वर येतं, दिवे लावून, आणि खाली जातं. पहिल्यांदा आलं तेव्हा आई बघत होती पुरीच्या डब्यात, दुसऱ्यांदा तिनं डबा बंद करून वाट बघितली.

खायचं म्हणाल तर आतले दर बघून पोटातली भूक मरते, पोरीसाठी हॉटडॉग आणि सगळ्यांत मिळून फ्राइज आणि एक प्रेट्झेल, त्यातच ४० डॉलर. फ्राइज ठेच्याला लावून खाल्ले, फार भारी लागतात, पुढच्या रांगेतला माणूस वळून वळून बघत होता. बाथरूमला बाजू बदलतानाच्या ब्रेकमध्ये जाऊ नका, सगळे तेव्हाच उठतात, आपली टीम फिल्डिंग करत असताना जा. सातव्या इनिंगच्या मध्ये सगळे उभे राहून हातपाय ताणतात आणि एक जुनं गाणं म्हणतात, त्यात आई उभी राहिली ती गुडघे मोकळे करायला, पण शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून डोलायला सुरुवात केली आणि तीही डोलली. ह्याचा व्हिडिओ आहे, ग्रुपवर टाकायची परवानगी नाही.

निघताना घाई करू नका. मॅच संपल्या संपल्या ७ नंबरच्या स्टेशनवर अशी गर्दी होते की दादर आठवतं, आम्ही सीटवरच वीस-पंचवीस मिनिटं बसून राहिलो, आईनं पाय लांब केले, मग खाली आलो तर निम्मी गर्दी ओसरली होती. मॅचनंतर मॅनहॅटनकडं जाणाऱ्या एक्स्प्रेस गाड्याही सोडतात, पण आम्हाला ७४ स्ट्रीटला उतरायचं होतं म्हणून लोकल घेतली, सकाळपासून आईच्या डोक्यात ते होतंच. जॅक्सन हाइट्सला उतरून चाट, डोसा, मग किराण्याच्या दुकानात तूरडाळ आणि हिरव्या मिरच्या, मेट्सची टोपी घालून.

एकूण खर्च लिहून ठेवला होता: तिकिटं ३८०, ट्रेन चौघांची जाऊन-येऊन, मध्ये जॅक्सन हाइट्सला उतरून परत चढलो ते धरून, ५५, आतलं खाणं ४०, पोरीचा ४२ चा टीशर्ट ४०, जॅक्सन हाइट्सचं जेवण ५५, डाळ-मिरच्या धरल्या नाहीत. साडेपाचशेच्या वर गेले. दर महिन्याला करायची गोष्ट नाही. एकदा करायची असेल तर वर सांगितलं तसं तिकिटाची रांग, लिफ्ट आणि थंडीचे कपडे, ह्या तीन गोष्टी नीट बघा, बाकीचं जमून जातं.

रात्री जेवून झाल्यावर आईनं नागपूरला मावशीला फोन लावला, तिकडं शनिवारची सकाळ झालेली. मी भांडी घासत ऐकत होतो. "नाही गं, क्रिकेट नाही, ते वेगळंच असते, गोल फिरून घरी यायचं असते. हो, जिंकलो ना. दहा-तीन. सगळ्यायचा नंबर एकच होता. अगं काऊन म्हणजे? थांब, सुरुवातीपासून सांगते, कामावर जायची घाई नाही ना तुला?"